सव्हाना नीट बघायचं तर पायी फिरा

नमस्कार मंडळी. अटलांटातल्या आपल्या लोकांचा एक ठरलेला प्रश्न असतो, लाँग वीकेंडला आपल्या जॉर्जियातल्याच सव्हाना शहराला चाललोय, काय काय बघू? आणि विचारेपर्यंत ट्रॉलीची तिकिटं नि रात्रीची भुतांची टूर बुक करूनही झालेली असते. असू दे, पोरांना मजा येते. माझं म्हणणं एवढंच की पहिला अख्खा दिवस गाडीला हात लावू नका. नदीकाठी सुरू करा, बुल स्ट्रीट धरा आणि सरळ दक्षिणेला फोर्सिथ पार्कपर्यंत चालत जा, मैलभरच अंतर आहे आणि वाटेत पाच चौक लागतात.

हे चौक म्हणजे या शहराचा जीव. 1733 मध्ये जेम्स ओगलथॉर्प इंग्लंडहून लोकांना घेऊन इथे उतरला आणि त्यानं जी आखणी केली ती आजही तशीच दिसते. मधे मोकळा चौक, दोन बाजूंना चर्च वगैरे सार्वजनिक इमारतींच्या जागा, उरलेल्या दोन बाजूंना घरं, की झाला एक वॉर्ड, आणि शहर वाढलं की असाच आणखी एक वॉर्ड जोडायचा. आपल्या वाड्याला कसा मधे चौक असतो आणि सगळं घर त्याच्याभोवती, तसंच, फक्त वाडा शहराएवढा. असे 24 चौक झाले, त्यातले 22 आज आहेत. वर ओक झाडांचं छत आणि त्यावरून लोंबणाऱ्या त्या करड्या जटा, त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात, पण आहे ती अननसाच्या कुळातली वनस्पती. फोटो काढा भरपूर, चिपेवा स्क्वेअरमध्ये 'फॉरेस्ट गम्प' सिनेमातला तो बाक मात्र शोधू नका, तो म्युझियममध्ये आहे.

आता राइट स्क्वेअरला थोडं थांबा. यामाक्रॉ या इथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख टोमोचीची, ज्यानं ओगलथॉर्पला इथे वस्ती करू दिली, तो 1739 मध्ये वारला तेव्हा त्याला मानानं याच चौकात पुरलं, खुद्द ओगलथॉर्पनं खांदा दिला. आणि 1883 मध्ये त्याच जागेवर विल्यम गॉर्डन या रेल्वेवाल्याचं स्मारक उभं राहिलं! पुढे 1899 मध्ये टोमोचीचीच्या नावानं कोपऱ्यात एक मोठा ग्रॅनाइटचा दगड बसवला, त्यात पुढाकार कोणाचा, तर गॉर्डनच्याच सुनेचा. तिची मुलगी ज्युलिएट गॉर्डन लो, जिनं 1912 मध्ये इथेच गर्ल स्काउट्स ही मुलींची संघटना सुरू केली, तिचं घरही इथून जवळच आहे. बहुतेक लोक स्मारकाचा फोटो काढतात, दगडाकडे बघतसुद्धा नाहीत.

मॅडिसन स्क्वेअरचं ग्रीन-मेल्ड्रिम हाऊस, माझ्या मते हे चुकवायचं नाहीच. चार्ल्स ग्रीन नावाच्या इंग्रज कापूस व्यापाऱ्याचं घर. अमेरिकेच्या यादवी युद्धात, डिसेंबर 1864 मध्ये, उत्तरेच्या फौजेचा जनरल शर्मन शहरात शिरला, इथेच मुक्काम ठोकला, आणि लिंकनला तार केली की ख्रिसमसची भेट म्हणून सव्हाना शहर, 150 तोफा आणि साधारण 25,000 गासड्या कापूस सादर करतो. ही तार सगळे गाइड सांगतात. पण 12 जानेवारी 1865 ला याच घरात शर्मननं 20 कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं की तुम्हाला काय हवंय, तर त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझरनं सांगितलं, जमीन, आमची आम्ही कसून खाऊ. चार दिवसांत हुकूम निघाला, गुलामीतून सुटलेल्यांना किनाऱ्यालगतच्या जमिनीतले कुटुंबामागे 40 एकरपर्यंतचे तुकडे द्यायचे. लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सननं त्याच वर्षी तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांना परत गेल्या.

एवढी देखणी घरं ज्या पैशावर उभी राहिली तो पैसा कापसाचा. रिव्हर स्ट्रीटवर आज टॅफी नि टी-शर्टची दुकानं आहेत ना, ती कापसाची गोदामं होती, आणि पायाखालचे ते ओबडधोबड दगड जहाजांच्या तळाशी वजन म्हणून भरून आले, उतरवले, आणि परत जाताना कापूस गेला. सँडल घालून जाऊ नका, पाय मुरगळेल. फ्रँकलिन स्क्वेअरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च गुलामांनी दिवसभराचं काम संपल्यावर रात्री बांधलं, ते 1859 मध्ये पूर्ण झालं. तळघराच्या जमिनीत भोकांची नक्षी आहे, चर्चवाले सांगतात की खाली लपलेल्या फरारी लोकांना श्वास घेता यावा म्हणून ती केली. आणि त्याच 1859 च्या मार्चमध्ये शहराबाहेरच्या रेसकोर्सवर दोन दिवस 436 माणसं विक्रीला काढली होती, एका मालकाचं कर्ज फेडायला.

इथे आपल्या मुंबईचाही धागा आहे बरं का. एप्रिल 1862 मध्ये उत्तरेच्या फौजेनं टायबी बेटावरून नव्या रायफल्ड (नळीत आटे असलेल्या) तोफांनी नदीच्या मुखावरचा फोर्ट पुलास्की हा किल्ला 30 तासांत पाडला, साडेसात फूट जाडीच्या विटांच्या भिंती, आणि सव्हानाचं बंदर जवळजवळ बंदच झालं. दक्षिणेची सगळीच बंदरं अडवलेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग मुंबईहून जाणाऱ्या कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद, बॅक बेच्या भरावाचे शेअर, सगळा तो काळ, आणि 1865 मध्ये युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. राजाबाई टॉवर प्रेमचंदनीच दिलेल्या पैशातून झाला. किल्ल्याच्या भिंतीवर अजून तोफगोळ्यांच्या खुणा आहेत, जरूर बघा.

शहर इतकं टिकलं ते आपोआप नाही हं. 1954 मध्ये एलिस स्क्वेअरचं जुनं मार्केट पाडून पार्किंग गॅरेज बांधलं, आणि पुढचा नंबर डेव्हनपोर्ट हाऊसचा होता. तेव्हा सात बायकांनी पैसे जमवून 1955 मध्ये ते 22,500 डॉलरला विकत घेतलं. एलिस स्क्वेअर 2010 मध्ये पुन्हा मोकळा झाला, पार्किंग आता त्याच्या खाली आहे, तिथेच गाडी लावा.

खाण्याचं विचारणार, माहितीये. लिओपोल्ड्सचं आइसक्रीम 1919 पासूनचं, रांग लांब असते पण उभं राहा. शाकाहारी असाल तर दक्षिणी हॉटेलात भाजी मागवतानाही विचारून घ्या, पालेभाजीत पोर्क सर्रास असतं. मार्च-एप्रिलमध्ये अझेलिया फुलतात तेव्हा जा, पण सेंट पॅट्रिक डेचा आठवडा टाळा, हॉटेलचे दर बघून डोळे पांढरे होतील. आणि टायबीला निघायच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघाच, जायला रस्ता एकच आहे आणि मोठ्या भरतीला तो पाण्याखाली जातो.