बारानंतरची सिकाई

(दृश्य: ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं जुनं घर. मे महिन्यातली दुपार. कूलरचा आवाज.)

दौलतगंजातल्या या घरात काकू जुन्या धोतराचा मऊ तुकडा घडी करून डाव्या काखेखाली, ब्लाउजच्या आत सरकवतात. शिवण लागली तरी कातडी सोलवटते.

पंधरापैकी बारा सिकाया झाल्यात. ग्वाल्हेरात कर्करोगावरच्या रेडिएशनला, म्हणजे किरणांच्या उपचाराला, सगळे ‘सिकाई’च म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. घोळ तिथूनच सुरू होतो. सिकाई म्हणजे शेक. शेक म्हटला की भाजणं आलं, आणि भाजलं की घरातली पिवळी मलमाची ट्यूब. जाऊबाई ती घेऊन आल्याच होत्या.

पण हे भाजणं नव्हेच. मशीनखाली ऊबसुद्धा लागत नाही. कातडीच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होत असतात, किरणांचा मार बसतो तो त्यांना. वरचा थर रोज झिजतो आणि खालून भरपाई वेळेवर येत नाही. म्हणून त्रास दिसतो दोन-तीन आठवड्यांनी, आणि सिकाई संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढतच राहतो. 1901 साली बेकरेल या शास्त्रज्ञाने किरणं सोडणाऱ्या रेडियमची कुपी खिशात बाळगली, तेव्हाही डाग नंतरच उमटला होता. पुस्तकांत ‘लाली’ असं लिहिलेलं असतं. काकूंच्या सावळ्या कातडीवर मात्र ती काळपट दिसते. बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

(दृश्य: अंगणातली कोरफड.)

मग लावायचं काय? ही कुंडी शेजारणीने आणून ठेवली. कोरफडीने थंड वाटतं, हे खरं. पण ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत साध्या क्रीमपुढेही ती मागे पडली. हळदीची गोष्ट जरा गमतीची आहे. मंगळुरूत डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या 50 रुग्णांवर बेबी ऑइल आणि विको टर्मरिक यांची तुलना झाली. हो, आपल्या घराघरांतलं तेच विको. त्याने त्रास कमी झाला. पण रुग्ण मोजकेच होते, आणि फोडणीच्या डब्यातली हळद म्हणजे ते क्रीम नव्हे.

आतापर्यंत भक्कम पुरावा आहे तो मोमेटासोन 0.1 टक्के या स्टिरॉइड मलमाचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, कातडी शाबूत असताना, पहिल्या सिकाईपासूनच, पातळ थर. स्टिरॉइड म्हटल्यावर काकू बिचकल्या होत्या. कातडी फुटून पाणी सुटलं तर मात्र ते थांबवून न चिकटणारी पट्टी लावतात, आणि तीही डॉक्टरांना दाखवूनच.

आंघोळ बंद करायची गरज नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ती बंद ठेवणार तरी कोण! सौम्य साबण चालतो. फक्त सिकाईची जागा दाखवणाऱ्या शाईच्या रेघा घासायच्या नाहीत.

(दृश्य: संध्याकाळ. पिवळी ट्यूब फळीवर, लोणच्याच्या बरणीमागे.)

उद्या तेरावी. हा आकडा काकू उच्चारत नाहीत. रिक्षावाल्याला सांगतात, “उद्याही दहालाच ये. बारानंतरची आहे.”