कळ थांबली, पण चप्पल का निसटते?

श्रोतेहो, नमस्कार.

कंबरेतून निघून कुल्ला, मांडीची मागची बाजू, पोटरी असं करत थेट करंगळीपर्यंत उतरणारी कळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना सायटिका म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते. पायात उतरणारी सायटिक शीर, म्हणजे मज्जातंतू, ही शरीरातली सगळ्यात जाड, जवळजवळ अंगठ्याएवढी. तिची मुळं कंबरेच्या खालच्या मणक्यांतून आणि माकडहाडाच्या वरच्या हाडातून निघतात. तिथली दोन मणक्यांमधली एखादी चकती मागे सरकली की मुळावर दाब येतो, सूज येते, आणि बोंब मारतो पाय. दुखतो पाय, दुखणं कंबरेतलं. म्हणून नुसत्या पोटरीला मलम चोळून भागत नाही.

आता आमच्या वाड्यातली गोष्ट. नारायण पेठेतला दुमजली वाडा. आज तिथे इमारत आहे, आणि एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघत उभी असलेली धडधाकट पोरं बघून माझ्या मनात काय येतं, ते आज राहू दे. तर वाड्यात एक आत्या होत्या. साऱ्या वाड्याच्या आत्या. जन्माने पायाळू, म्हणजे डोक्याआधी पाय बाहेर आलेल्या. कुणाला उसण भरली की तो आत्यांसमोर पालथा पडायचा आणि आत्या डाव्या पायाने कंबरेवर हलकेच लाथ द्यायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत. गुरुवारी लाथ द्यायच्या नाहीत, दत्ताचा वार.

वरच्या मजल्यावर तात्या राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सायटिका झाला. पट्टा झाला, निर्गुडीचं तेल झालं, गादी काढून फळीवर झोपणं झालं. काकूंनी लाथेचं नाव काढलं की तात्या कडाडायचे, "मी असल्या थोतांडाला बळी पडणार नाही!" पण एका रात्री कळ अशी उठली की पहाटे सगळ्यांच्या आधी तात्या ओसरीवर पालथे. खाली सतरंजीसुद्धा घातली नव्हती.

आणि श्रोतेहो, हळूहळू कळ खरोखर कमी झाली! तात्यांनी अमृततुल्यात बसून जाहिरात सुरू केली. शनिवार पेठेतून माणसं येऊ लागली. आत्या वैतागल्या.

मी तेव्हा नुकतीच फिजिओथेरपी शिकून बाहेर पडले होते. एका सकाळी आत्या ओसरीवर मेथी निवडत होत्या, मी चहा घेत होते. तात्या लाकडी जिन्यावरून उतरत होते. आत्यांचा हात मेथीत थांबला. म्हणाल्या, "ऐक गं." मी ऐकलं. एक पाऊल टक्, दुसरं फटक. टक्, फटक. मग फक्त टक्. डावी चप्पल वरच्या पायरीवर राहिली होती, तात्या खाली पोचले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"अहो तात्या, चप्पल राहिली की वर!"

तात्यांनी पायाकडे बघितलं आणि हसले. मी त्यांना टाचांवर चालायला सांगितलं. उजवा चवडा उचलला गेला. डावा जमिनीला चिकटलेला. विचारलं, "दुखतंय?" "छे! मुळीच नाही!" केवढ्या आनंदाने म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला.

कळ गेली होती, कारण शीर सांगायचीच थांबली होती. हे पुन्हा ऐका. कळ कमी होतेय आणि ताकदही कमी होतेय, तर ते बरं होणं नव्हे. कळ कमी, ताकद कमी, म्हणजे दुखणं वाढलंय.

आत्या म्हणाल्या, "माझी लाथ उसणेवर. हे माझ्या पायातलं काम नाही. रिक्षा बोलवा." त्याच दिवशी तात्या तज्ज्ञांकडे गेले, आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं. पाऊल पुष्कळ सुधारलं, अंगठा मात्र थोडा अशक्तच राहिला. आणि आत्यांनी नवा नियम काढला. आधी ओसरीवर टाचांवर चालून दाखवायचं, मग लाथ.

लाथेने कुणी बरं व्हायचं का? उसण बहुतेकदा आपसूकच उतरते आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं. तेलाला मिळतं, पट्ट्याला मिळतं, खरं सांगायचं तर आम्हा फिजिओथेरपिस्टनाही मिळतं. सायटिकाचंही तसंच. बहुतेकांचा काही आठवड्यांत पुष्कळ उतरतो, सरकलेली चकती पुष्कळदा आपोआप आक्रसते. तोवर झोपून राहू नका. झोपून राहू नका. सोसेल तेवढं चाला, एका जागी फार वेळ बसू नका. गोळ्या डॉक्टरांना विचारून, व्यायाम शिकून. मॉडेल कॉलनीत १९७५ पासून अय्यंगार गुरुजींची योगसंस्था आहे, रास्ता पेठेत ताराचंद रामनाथ आयुर्वेद रुग्णालय आहे. जिथे जाल तिथे आधी तपासून घ्या. मणका कडकन मोडून देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. आणि कळ आहे तोवर स्कूटरच्या मागच्या सीटवर बसणं टाळा. आपल्या गल्लीबोळांतले गतिरोधक कुठल्या मापाने बांधतात, हा वेगळ्या भाषणाचा विषय.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरू नका. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यात कुठे ना कुठे चकती फुगलेली निघाली. गॅप, गॅप म्हणून जी धास्ती घेतात, ती बिनदुखीच्या कंबरेतही सापडते.

ऑपरेशनचं म्हणाल, तर २००७ साली हॉलंडमधल्या २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीला धीर धरलेले आणि लवकर ऑपरेशन केलेले जवळपास सारखेच. मात्र धीर धरलेल्यांपैकी दहांतल्या चौघांना पुढे ऑपरेशन लागलंच. म्हणून पायात ताकद शाबूत असेल तर घाई करायची की धीर धरायचा, हे तुमच्या कळेवर आणि कामावर ठरवा. मणक्याजवळच्या इंजेक्शनने काही जणांना काही आठवडे आराम पडतो, तेवढ्यात व्यायाम सुरू करता येतो.

चवडा उचलेना, चप्पल निसटतेय, तर त्याच दिवशी दाखवा. आणि लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तो बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, आणि दारातच सांगा, लघवी अडलीय, कंबरेचं दुखणं आहे. कंबर दुखतेय एवढंच सांगितलंत, तर बाकड्यावर बसवून ठेवतील.