कडक भाकरी आणि बिश्केकची रात्र

(परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या पालकांसमोर सोलापुरात दिलेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. आधीच सांगते, मी काही परराष्ट्र खात्यातली बाई नाही, बारावीला फिजिक्स शिकवते, पण माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज किर्गिझस्तान, जॉर्जिया, रशिया अशी कुठेकुठे एमबीबीएस करतायत, आणि त्यांचे आईबाप रात्री अपरात्री मलाच फोन करतात, म्हणून मला इथे उभं केलंय. दुसरं कारण माझा भाचा.

१७ मे २०२४, शुक्रवार. रात्री ताईचा फोन आला, रडत होती, म्हणाली पोरगं लाईट बंद करून बसलंय, खाली माणसं जमलीत, दारं वाजवालेत. तो किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, तीन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मी म्हटलं याने काय केलं? काहीच नाही हो. चार दिवस आधी, १३ तारखेला, तिथली लोकल पोरं आणि इजिप्तचे विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली होती, त्याचा व्हिडिओ १७ ला फिरला, आणि रात्री जमाव रस्त्यावर. भांडण इजिप्तवाल्यांशी, पण जमाव घुसला तो पाकिस्तानी, भारतीय, बांगलादेशी पोरं राहतात त्या होस्टेलांत. सगळे सावळे, सगळे परदेशी, झालं. पासपोर्ट कुणी बघितला नाही. इकडे आपण भारत पाकिस्तान म्हणून टीव्हीसमोर भांडतो आणि तिथे दोघंही एकाच पलंगाखाली लपलेले.

भाचा वाचला तो खालच्या मजल्यावरच्या बाईमुळे. तिथे थोरल्या बाईला एजे म्हणतात, आपल्या अक्कासारखं. हा तिची पिशवी वर नेऊन द्यायचा, मोडकं तोडकं रशियन बोलायचा, दिवाळीला चिवडा दिला होता. त्या रात्री तिने काय केलं, तर यांच्या दारासमोरचे बूट उचलून स्वतःच्या घरात टाकले. चार पोरांचे आठ दहा जोड बाहेर दिसले की कुणालाही कळतं की इथे स्टुडंट राहतात! हे आपल्या कुणाच्या डोक्यात आलं असतं का? मग ती खालच्या दारात उभी राहिली, इथे कुणी नाही म्हणाली, लोक पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी आपल्या दूतावासाने सांगितलं, घराबाहेर पडू नका. बरोबरच होतं, पण पोरांच्या घरी कधी आठवड्याचं सामान असतं का? यांनी काय खाल्लं माहितेय, ताईने पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. (हशा) हसू नका, ताई बॅगेत तीस भाकऱ्या कोंबत होती तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, अगं वजन वाढतंय.

इकडे सोलापुरात आम्ही काय करत होतो, तर व्हॉट्सॲप. एवढी पोरं मेली, तेवढी मेली. मारहाण झाली, माणसं जखमी झाली हे खरं, पण ते मेल्याचे मेसेज खरे निघाले नाहीत. तोवर ताईचं बीपी वर. आणि तिकडे काही पोरं खिडकीतून व्हिडिओ काढून टाकत होती, म्हणजे आम्ही कुठल्या बिल्डिंगमध्ये, कितव्या मजल्यावर आहोत ते स्वतःच जगाला सांगत होती. पोराला सांगा, आधी पडदा लाव, रील नंतर.

आता आईबाप मला विचारतात, मॅडम, अशा ठिकाणी थांबायचंच कशाला, परत बोलवू का. युक्रेनच्या वेळीही हेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये दूतावास म्हणत होता निघा, आणि पोरं थांबलेली. बिनडोक म्हणून नाही. कॉलेज ऑनलाइन वर्ग द्यायला तयार नाही, आणि परत येऊन इथे डॉक्टरकी करायची तर आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनचा २०२१ चा नियम असा की किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप, सगळं एकाच कॉलेजात, मधूनच बदलायचं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या पोरांना दुसऱ्या कॉलेजात जायची सवलत मिळाली, पण तोवर लढाईला सहा महिने होऊन गेलेले. त्यात डोक्यावर कर्ज, बापाने रान गहाण टाकलेलं. पोरगं धोका आणि वर्ष वाया जाणं यांचा हिशोब घालतं आणि थांबतं. म्हणून त्याला आजच सांगून ठेवा, एक सेमिस्टर गेलं तर घरात कुणी बोलणार नाही. हे वाक्य तुमच्या तोंडून आधी जायला पाहिजे, एजंट सांगणार नाही.

झेंड्याचंही गंमतशीर आहे. युक्रेनमधून बाहेर पडताना बसला तिरंगा लावला की वाट मिळायची, आपल्याच पोरांनी सांगितलं की पाकिस्तानी आणि तुर्की पोरंही तिरंगा धरून पार झाली. तोच झेंडा बिश्केकमध्ये कुणी खिडकीला लावला असता तर? कुठे काय चालेल ते त्या गावातल्या माणसालाच कळतं, आणि तो माणूस ओळखीचा असावा लागतो. मेलबर्नला २००९ मध्ये आपल्या पोरांवर हल्ले झाले, पुष्कळसे रात्री उशिरा, कामावरून परतताना, रेल्वेत नाहीतर स्टेशनच्या आसपास. तिथल्या पोलिसांनी सल्ला काय दिला, बाहेर आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका! मला त्याचा राग आजही येतो. आईशी कानडीत, तेलगूत, मराठीत बोलायचं नाही तर कशात बोलायचं? आपण सोलापूरकर, एका बोळात तीन भाषा ऐकत वाढलेलो. पण त्यांची भाषा शिका असं कुणी म्हटलं तर मी मान्य करीन.

आपल्या भैय्या चौकातलं डॉक्टर कोटणीसांचं घर, स्मारक झालंय त्याचं, किती जण आत जाऊन आलेत? हात वर करा. ... बघा. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यातले हे आपल्या गावचे. जपानशी युद्ध चालू, आणि हा माणूस चिनी भाषा शिकला, तिथेच लग्न केलं, १९४२ मध्ये तिथेच वारला, बत्तिसाव्या वर्षी. त्यांचं नाव तिकडे आजही घेतात. आणि वीस वर्षांनी, १९६२ च्या युद्धात, आपण काय केलं? आसाम, दार्जिलिंगकडची चिनी वंशाची सुमारे ३००० माणसं उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवली. त्यात शाळकरी पोरंही होती, इथेच जन्मलेली. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात बारावीचा एक मुलगा वारला, संशय आफ्रिकन लोकांवर घेतला, आणि एका मॉलमध्ये आफ्रिकन विद्यार्थ्यांना लोकांनी खुर्च्यांनी मारलं. तिथेही ओळखपत्र कुणी विचारलं नव्हतं. हे मी का सांगतेय म्हणून पुढच्या रांगेतले काका चुळबूळ करतायत, काका, तुमच्या गल्लीत बाहेरून शिकायला आलेलं पोरगं राहत असेल ना, त्याचे बूट कुठे असतात ते तुम्हाला माहिती आहे, एवढंच म्हणतेय.

बरं, आता वही काढा. मोबाईलमध्ये नको, फोटो पण नको काढू, चार्जिंग संपतं तेव्हाच नंबर लागतो. किर्गिझस्तानात पोलीस १०२, युरोपात ११२, ऑस्ट्रेलियात तीन शून्य, अमेरिकेत ९११. त्याखाली दूतावासाचा नंबर, तो पोराकडून घ्या, बघू त्याला तरी माहितेय का. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर त्याची नोंदणी झालीय का विचारा, बहुतेक म्हणेल करतो करतो. आणि शेवटची ओळ रिकामी सोडा. आज रात्री फोन केलात की जेवलास का विचारायच्या आधी विचारा, खालच्या मजल्यावर कोण राहतं, नाव काय. नाव सांगता आलं तर तिथे लिहा. नाही आलं तर परत पुढच्या रविवारी विचारा.