आपल्या दारातलं मादागास्कर

श्रोतेहो, नमस्कार. वैशाखात आपले रस्ते लालभडक करणारा गुलमोहर आणि तुळशी वृंदावनाशेजारी बारमाही फुलणारी सदाफुली, ही दोन्ही झाडं मूळची मादागास्करची. रक्ताच्या कर्करोगावर दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टीन हे औषध याच सदाफुलीतून मिळालं.

आफ्रिकेच्या पूर्वेला, सुमारे चारशे किलोमीटर रुंद मोझांबिक खाडीपलीकडे हे बेट आहे. क्षेत्रफळ जवळजवळ 5,87,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीला थोडं कमी. आणि हा कधीकाळी आपला सख्खा शेजारी! सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत त्याचा पूर्व किनारा भारताच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला होता. आजही तिथे सह्याद्रीसारखे उभे कडे आहेत, फक्त उलट बाजूला: पाऊस पूर्वेकडे कोसळतो, पश्चिम कोरडी राहते. त्या कोरड्या भागात जाडजूड बुंध्यांचे बाओबाब उभे आहेत.

तेव्हापासून हे बेट एकटं आहे, म्हणूनच तिथले बहुतेक प्राणी जगात दुसरीकडे सापडत नाहीत. लेमूर, म्हणजे माकडांचे दूरचे भाऊबंद, यांच्याच शंभराहून अधिक जाती. त्यातला आय-आय मला फार विलक्षण वाटतो. रात्री तो फांदीवर बसतो आणि काडीसारख्या बारीक मधल्या बोटाने लाकडावर टकटक करतो. मोठाले कान टवकारून आतली पोकळी हेरतो, दातांनी भोक पाडतो आणि तेच बोट आत घालून अळी ओढून काढतो. सुतार पक्षी तिथे नाहीत. त्यांचं काम यानेच उचललंय. गावकरी मात्र त्याला अपशकुनी मानतात, दिसला की कित्येकदा मारूनच टाकतात. वाईट वाटतं ऐकून.

माणसांची गोष्टही अशीच. आफ्रिका इतकी जवळ, पण इथल्या भाषेचं सर्वात जवळचं नातं हजारो किलोमीटर दूरच्या बोर्निओतल्या भाषांशी. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी तिकडचे दर्यावर्दी हिंदी महासागर ओलांडून आले. आफ्रिकेतून आलेले लोक त्यांच्यात मिसळले. पश्चिम किनाऱ्यावरचे वेझो कोळी आजही होडीला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा बाजूचा ओंडका, बांधतात, आपल्या कोकणातल्यासारखीच. डोंगरउतारावर भातखाचरं आहेत, आणि जेवण म्हणजे भातच.

एकोणिसाव्या शतकात मेरिना राजांनी बेटाचा मोठा भाग एका सत्तेखाली आणला. 1895 मध्ये फ्रेंच फौजा राजधानी अंतानानारिवोत शिरल्या, आणि पुढे राणी रानावालोना तिसरी हिला हद्दपार केलं गेलं. तिला मायदेशी परतता आलं नाही. 1917 मध्ये अल्जीअर्सला ती वारली. 1947 चा उठाव फ्रेंचांनी इतक्या क्रूरपणे चिरडला की हजारो माणसं गेली. स्वातंत्र्य मिळालं ते 26 जून 1960 रोजी.

आज तिथलं जंगल झपाट्याने घटतंय. गरीब शेतकरी रान जाळून भात पेरतो, दोन-तीन पिकांत जमिनीचा कस जातो, मग तो पुढचं रान जाळतो. उघडी पडलेली लाल माती बेत्सिबोका नदीतून समुद्रात जाते. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, त्याच्या घरातली चूलही पेटायला हवी.

पूर्वेकडच्या आंदासिबेला गावचेच तरुण रोपवाटिका चालवतात, ओसाड उतारांवर देशी झाडं लावतात, पर्यटकांना रान दाखवतात. तिथे इंद्री राहतो, सर्वात मोठा लेमूर. त्याची सामूहिक हाक मैलभर ऐकू जाते. पिंजऱ्यात तो जगत नाही, त्यामुळे कुठल्याही प्राणिसंग्रहालयात तो तुम्हाला दिसणार नाही. त्याला वाचवायचं तर त्याचं रानच राखावं लागेल, आणि ती मुलं तेच करताहेत.