खोट्या गिअरचा खरा झटका

चित्रफितीत दिसते आहे ती ह्युंदाईची विजेवर चालणारी गाडी, आयोनिक ५ एन. चालकाने स्टिअरिंगमागची पट्टी बोटाने ओढताच गाडीने हलका झटका दिला आणि स्पीकरमधून येणारा इंजिनाचा आवाज एकदम खाली उतरला. गंमत अशी की, या गाडीत इंजिनच नाही आणि ज्या आठ गिअरांचा भास होतो तेही नाहीत. मोटरचा जोर क्षणभर रोखून संगणकाने हा झटका मुद्दाम घडवला आहे.

ही हौस परवडण्याच्या स्थितीला यायला कोरियाला बराच काळ लागला. चुंग जू-यंग यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेली ह्युंदाई मोटर सुरुवातीला फोर्डच्या गाड्यांची जुळणी करत असे. १९७४ मध्ये ट्युरिनच्या प्रदर्शनात मांडलेली पोनी कोरियाची स्वतःची गाडी म्हणून गाजली खरी, पण तिचे रूप जॉर्जेटो जुजारो या इटालियन अभिकल्पकाने रेखाटले होते आणि इंजिन मित्सुबिशीचे होते. घरच्या मेहनतीतून उभे राहिलेले ‘अल्फा’ इंजिन १९९१ मध्ये आले. तोवर अमेरिकेत या गाड्यांची ओळख ‘स्वस्त’ अशीच झाली होती, आणि तो शब्द तिथे कौतुकाने उच्चारला जात नसे.

वेगवान गाड्यांचा विचार खऱ्या अर्थाने मार्गी लागला तो २०१५ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्या घडवणाऱ्या ‘एम’ विभागातून अल्बर्ट बिअरमन ह्युंदाईत आले तेव्हा. नव्या विभागाचे ‘एन’ हे अक्षर नामयांग येथील संशोधन केंद्रावरून आणि जर्मनीतील न्युरबर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावरून घेतलेले आहे. २०१७ च्या आय३० एनमध्ये २७५ अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन मिळत असे; पण तिचे खरे मर्म पुढच्या चाकांमधल्या डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या यंत्रणेत होते. वळणावर आतले चाक हलके होऊन नुसतेच फिरू लागते आणि साध्या गाडीत इंजिनाचा जोर तिथेच वाया जातो. या गाडीत मात्र इलेक्ट्रॉनिक क्लच तो जोर बाहेरच्या चाकाकडे वळवतो, त्यामुळे गाडीचे नाक वळणाच्या आत खेचले जाते. भारतात विकली गेलेली आय२० एन लाइन या घराण्याची दूरची नातेवाईक म्हणावी लागेल, कारण तिच्यात एक लिटरचे १२० अश्वशक्तीचे इंजिन होते.

रॅलीच्या मैदानातही कंपनी २०१४ मध्ये परतली आणि जागतिक स्पर्धेत २०१९ व २०२० या दोन्ही वर्षी उत्पादकांचे विजेतेपद तिने मिळवले.

मग विजेचा जमाना आला. २०२३ च्या आयोनिक ५ एनची कमाल शक्ती ६५० अश्वशक्ती असून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ३.४ सेकंदांत गाठते, परंतु वजन सव्वादोन टनांच्या घरात असल्याने बॅटरी आणि ब्रेक तापणे हीच अभियंत्यांची मोठी डोकेदुखी होती. म्हणून शर्यतीआधी बॅटरी योग्य तापमानाला आणण्याची सोय केली गेली आणि वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरकडेच सोपवले गेले.

उरला प्रश्न कानाचा. वळणात शिरताना चालक वेगाचा अंदाज काट्यावरून नव्हे, आवाजावरून आणि झटक्यावरून घेतो, आणि वीज हे दोन्ही हिरावून घेते. त्यावरचा खोट्या गिअरचा हा उपाय काहींना पोरखेळ वाटतो. आम्हाला मात्र तो प्रामाणिक वाटतो, कारण त्यात सोयीबरोबर अडचणही परत आणलेली आहे. चालक वेळेवर गिअर बदलायला विसरला, तर चालकासमोरच्या पडद्यावरचा काटा कमाल मर्यादेच्या लाल रेषेला थडकतो आणि एवढी ताकद हाताशी असूनही गाडी पुढे खेचायची थांबते.