आत्येच्या कोठीतली साठवण

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात किंवा गणपतीला मुंबईहून गावी आलेली मुले आणि सुना अलीकडे एक तक्रार हमखास सांगतात, आणि ती सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. गावी एकट्या राहणाऱ्या आईने किंवा वडिलांनी खाण्याचे जिन्नस इतके साठवून ठेवलेले असतात की कोठीच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नसते. पिठात अळ्या झालेल्या असतात, सुक्या मासळीला बुरशी धरलेली असते, मोरीत पाय घसरतो, आणि यातले काही टाकायला घेतले की घरात रडारड होते. आरोग्यसेविका म्हणून सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांतून फिरताना मी अशी घरे पुष्कळ पाहिली आहेत. त्या घरांतली म्हातारी माणसे मुळात आळशी किंवा गलिच्छ नव्हती. आयुष्यभर खळे सारवून, भांडी राखेने लखलखीत घासून संसार केलेल्या बायकांच्या घरांविषयी मी बोलते आहे.

आपल्या किनारपट्टीवर साठवण करणे हा दोष कधीच नव्हता. मिरग लागला की व्हाळांना पूर यायचे, वाटा बंद व्हायच्या आणि समुद्रावरची होडी किनाऱ्याला लागायची. तांदूळ, कुळीथ, आमसुले, मीठ, मिरची, सुके बोंबील आणि खारा बांगडा यांची बेगमी जिच्या घरात असे, तिचीच चूल श्रावणापर्यंत निर्धास्त पेटे. आज ज्यांनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांनी 1965-66 सालची धान्यटंचाई आणि 1972 चा दुष्काळ ऐन उमेदीत पाहिला, रेशनच्या रांगेत उभे राहून मिलो नावाची परदेशी ज्वारी घरी आणली आणि मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहत मुले वाढवली. अगदी अलीकडे, मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा आपल्याकडे कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, आणि ज्या घरांत साठा होता त्याच घरांनी शेजाऱ्यांनाही जेवू घातले. म्हणून ‘आता दुकान दारात आहे, कशाला साठवतेस?’ हे वाक्य त्या पिढीला पटत नाही. तिच्या अनुभवाने तिला उलटेच शिकवलेले आहे.

आता माझ्या आत्येची हकिकत सांगते, कारण मला या विषयात जे सांगायचे आहे ते सगळे तिच्या घरात घडले.

आत्येचे घर मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आहे. माजघराला लागून कोठीची काळोखी खोली, तिला वरच्या अंगाला एकच झरोका. खारा बांगडा करावा तो आत्येनेच, अशी वाडीत तिची ख्याती होती. बांगडा पाठीतून चिरून, आतले सगळे काढून, मीठ चोळून ती असा वाळवी की तो दुसऱ्या वर्षीही पांढराशुभ्र निघे. बाजारातून आणलेले सुके बोंबील नीट सुकलेले आहेत की नाहीत, हे विचारायला बायका तिच्याकडे येत. ती बोंबील कानाशी धरी, मोडी, आणि त्या आवाजावरून सांगे की हा पावसाळाभर टिकेल किंवा याला आणखी दोन उन्हे दाखवा.

काका वारले आणि आत्या घरात एकटी राहिली. त्यानंतरच्या गणपतीला माझा आतेभाऊ आला आणि त्याने कोठी उघडली, तेव्हा त्याला भोवळच यायची बाकी राहिली. पत्र्याच्या डब्यांत खोबऱ्याच्या वाट्यांवर हिरवट भुकटी धरलेली होती. त्यानेच वेळोवेळी पाठवलेले बिस्किटांचे पुडे उंदरांनी कुरतडलेले होते. मागच्या दिवाळीच्या चकल्या होत्या, धुऊन गाठ मारून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, आणि फ्रिजमध्ये वाट्याच वाट्या, प्रत्येकीत घासभर काहीतरी झाकून ठेवलेले. आतेभाऊ आईवर अतिशय माया करणारा आहे. आईला काही होऊ नये एवढ्याच कळकळीने त्याने दुसऱ्या दिवशी तिला भजनासाठी नातेवाइकांकडे पोचवले, दोन गडी लावले, कोठी रिकामी करून सगळे खड्ड्यात पुरले आणि जमीन फिनेलने धुऊन काढली.

आत्या संध्याकाळी परतली आणि कोठीच्या दारात उभी राहिली. ती एक शब्दही बोलली नाही आणि त्या रात्री जेवलीही नाही.

दिवाळीपर्यंत साठा पुन्हा उभा राहिला, पण आता तो कोठीत नव्हता. खाटेखाली, देवघराच्या फळीमागे, आणि लुगड्यांच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला खारा बांगडा, अशा ठिकाणी तो गेला. पाठोपाठ उंदीर कपड्यांत शिरले. कोठीला कुलूप लागले, किल्ली कमरेला गेली, आणि शेजारची जी मुलगी रोज डोकावून जायची तिलाही आत्या उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवू लागली. श्रोतेहो, सर्वांत मोठे नुकसान हे झाले. साठा होता तसा परत आला आणि घर मात्र माणसांना बंद झाले. म्हणून मी पहिली गोष्ट सांगते आणि ती पुन्हापुन्हा सांगणार आहे: आईवडिलांच्या माघारी त्यांची साठवण टाकू नये.

पुढच्या वैशाखात वहिनी एकटीच गावी आली आणि मीही तिच्या सोबतीला गेले. वहिनीने कोठीचा विषय काढला नाही. ती पडवीत आत्येजवळ बसली आणि म्हणाली, ‘आई, मिरगाआधी सगळे उन्हात काढायचे ना? काढायचे काम मी करते, ठेवायचे काय ते तुम्ही सांगा.’ आत्येने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले आणि कमरेची किल्ली सोडून दिली.

खळ्यात चटया पसरल्या. आत्या मांडीवर सूप घेऊन सावलीत बसली आणि एकेक जिन्नस तिच्या हातात जाऊ लागला. कुळीथ, आमसुले, तिरफळे अशा चांगल्या निघालेल्या वस्तू वहिनीने मुद्दाम आधी दिल्या आणि त्या तिच्या डोळ्यांदेखत डब्यांत भरल्या. मग ट्रंकेतला बांगडा निघाला. तो चिकट झाला होता आणि त्याची घाण चार पावलांवर उभ्या असलेल्या मला सहन होत नव्हती. आत्येने तो नाकाशी नेला, नीट हुंगला आणि शांतपणे म्हणाली, ‘हो बरो आसा. टाकू नको.’

वहिनीने आणि मी एकमेकींकडे पाहिले. मी स्वयंपाकघरातून हिंगाची डबी आणली, आत्येला डोळे मिटायला सांगितले आणि उघडी डबी तिच्या नाकाखाली धरली. ती वाट पाहत राहिली आणि म्हणाली, ‘काय आसा ता? दाखव तरी.’

तिला वास येतच नव्हता. घरातली कुबट हवा, नासलेले कालवण, मोरीची दुर्गंधी यांतले काहीही तिच्यापर्यंत पोचत नव्हते, आणि आम्ही सगळे तिला हट्टी म्हणत होतो. मग मी तिच्या हातात बोंबील दिला आणि म्हटले, ‘आत्ये, कानाशी मोडून बघ.’ तिने तो मोडला. तो कडकन तुटला नाही, नुसता वाकला. तिने पुन्हा वाकवून पाहिला, बोटांनी चाचपला, आणि ‘हो मऊ पडलो’ असे म्हणून स्वतःच्या हाताने बादलीत टाकला. त्यानंतर ती नाकाचे नाव न घेता बोटांनी आणि कानांनी पारख करू लागली. खोबऱ्यावरची भुकटी तिला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हती, ती वहिनीने तिच्या बोटाला लावून दाखवली. दुपारपर्यंत निम्म्याहून अधिक जिन्नस बादलीत गेले आणि ते सगळे तिनेच टाकले. लोणच्याच्या एका बरणीवरून मात्र ती अडून बसली. ‘मिरग इलो की मगे खय जावचा?’ असे तिने विचारले. बरणीतले तेल वर होते, बुरशी नव्हती, म्हणून आम्ही ती राहू दिली.

पुढे तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मोरीच्या भिंतीवरचा शेवाळाचा थर तिला दिसला आणि ‘हे घासायला कोणाला तरी बोलवा’ असे तिने आपणहून सांगितले. आता तिचा साठा पडवीच्या उजेडात काचेच्या बरण्यांत असतो आणि दर संकष्टीला शेजारची मुलगी व ती मिळून बरण्या उघडून पाहतात. आतेभाऊ मोठी पार्सले पाठवत नाही. वाडीतल्या दुकानदाराला सांगून आठवड्याला लागेल तेवढेच सामान पोचवतो. गावी येताना आईवडिलांसाठी बिस्किटांचे आणि फरसाणाचे खोके आणण्याची जी रीत पडली आहे, ती बंद व्हावी असे माझे ठाम मत आहे. त्या म्हाताऱ्या जिवाला पुड्यांपेक्षा चार दिवस जास्त राहिलेला मुलगा हवा असतो. आणि घरे नव्याने बांधताना कोठीच्या खोलीला खिडकी ठेवा, एवढेही जाता जाता सांगते.

या हकिकतीतले वैद्यकीय कारण थोडक्यात सांगते. वय वाढते तशी वास ओळखण्याची शक्ती कमी होते. गुडघ्यांमुळे वाकून केर काढणे, मोरी घासणे अवघड होते. म्हणून नाक, डोळे आणि सांधे यांची तपासणी आधी व्हावी आणि दोष देण्याचा विचार मनातून काढावा. माघारी टाकू नये, हे पुन्हा सांगते.

काही बाबतींत मात्र सवलत नाही. बुरशी आलेले खोबरे, शेंगदाणे आणि मिरची टाकलीच पाहिजे, कारण बुरशीमुळे त्यांच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृताला घातक असते, नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही, आणि बुरशीचा भाग कापून उरलेले वापरणेही सुरक्षित नाही. खराब झालेल्या बांगड्यात हिस्टामिन साठते, तेही शिजवून जात नाही, आणि खाल्ल्यावर अंग लाल होते, खाज सुटते, डोके दुखते. भात शिजवून दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर राहू देऊ नये, आपल्या उन्हाळ्यात तर एक तासही पुष्कळ झाला. साठ्यामागे उंदीर येतात आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप होतो. पायाला भेगा किंवा जखम असलेल्या माणसाने अशी खोली अनवाणी झाडू नये. टंचाईच्या भीतीने पाणी भरून ठेवलेली पिंपे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, आतून घासून कोरडी करावीत, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवसच लागतात. हे सगळे करताना नातवंडांसमोर किंवा शेजाऱ्यांसमोर ‘घाण’ हा शब्द उच्चारू नये. तो शब्द म्हाताऱ्या माणसाच्या जिव्हारी लागतो आणि घराचे दार बंद होते.

आणखी एक प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. ही सवय जुनीच आहे, की गेल्या काही महिन्यांत नव्याने सुरू झाली आहे? जन्मभर नीटनेटकी राहिलेली आई अचानक अंघोळ टाळू लागली, तीच वस्तू पुन्हापुन्हा विकत आणू लागली, गॅस चालू ठेवून विसरू लागली, जुन्या गोळ्यांची पाकिटे जपून ठेवून त्यांतल्याच घेऊ लागली, तर तिला डॉक्टरांकडे नेण्यात दिरंगाई करू नये. त्यामागे स्मृतिभ्रंश असू शकतो, जोडीदार गेल्यानंतरचे नैराश्य असू शकते, आणि कधीकधी थायरॉइडचा दोष किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असते, जी साध्या रक्ततपासणीत कळते आणि औषधाने सुधारते. काहीही टाकता न येणे हा स्वतंत्र आजारही असू शकतो. 2013 पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात त्याची वेगळी नोंद आहे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय 1886 पासून आपल्या किनारपट्टीवर आहे, तरी तिथे जायचे म्हटले की माणसे अजून तोंड लपवतात, याचे मला फार वाईट वाटते. छातीत दुखले की आपण जसे दवाखान्यात जातो, तसेच तिथेही जावे.

प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर दूरध्वनीवर बोलता येते. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, तिचा क्रमांक 14416. ज्येष्ठ नागरिकांसाठीची मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक 14567. कागद-पेन्सिल जवळ घेतली असेल तर पुन्हा सांगते: मानसिक आरोग्यासाठी एक, चार, चार, एक, सहा, आणि ज्येष्ठांसाठी एक, चार, पाच, सहा, सात. आईवडील गावी आणि तुम्ही मुंबईत असलात, तरी या क्रमांकांवर तुम्ही स्वतः फोन करून सल्ला विचारू शकता.

नमस्कार.