किमची हे लोणचंच आहे!

अध्यक्षबाई आणि भर दुपारी आलेल्या सगळ्या मैत्रिणींनो, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'घरगुती कोरियन जेवण आणि आरोग्य'. नवऱ्याच्या नोकरीपायी मी सहा वर्षं कोरियातल्या देजॉन शहरात काढली, एवढंच माझं भांडवल. परत आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. मुलं विचारतात, तिकडे त्या लाल नूडल्स रोज खातात का? आणि त्यांच्या आया विचारतात, किमचीने बारीक होतं का हो? दोन्हींचं उत्तर एकच, 'नाही'. झालं व्याख्यान. (हशा) बसा, बसा, चहाला अजून वेळ आहे.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. मी त्यांना हाल्मोनी म्हणायचे, म्हणजे आजी. नोव्हेंबर सरत आला की तिकडे किमजांग, म्हणजे थंडीभराची किमची, कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, घालायचे दिवस. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया घालायला शेजारणी जमतात ना, तसंच. युनेस्कोने २०१३ साली किमजांगला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या कुरडयांना अजून कुणी विचारलेलं नाही, असो.

त्या वर्षी चायनीज कोबीचे चाळीस गड्डे होते. माझ्याकडे काम आलं मीठ लावायचं. म्हटलं, आपण लोणच्याच्या घरातल्या, त्यात काय! स्वयंपाकातलं बारीक मीठ काढलं आणि पानापानाला सढळ हाताने चोळलं. सकाळी हाल्मोनींनी एक गड्डा उचलला आणि पानाचा जाड पांढरा देठ मागे वाकवला. मीठ मुरलं असेल तर देठ न मोडता वाकतो, नाहीतर कटकन मोडतो. माझा छान वाकला. मग त्यांनी पानाचा तुकडा जिभेवर ठेवला. बोलल्या काहीच नाहीत, पण तीन पाण्यांनी धुवायचे ते गड्डे आम्ही सात पाण्यांनी धुतले, त्या गारठ्यात. मीठ समुद्राचं, जाडं हवं आणि ते देठाशी घालायचं, पातळ पानाला जवळजवळ नाहीच, हे तेव्हा कळलं.

मग मसाला. तिखट, लसूण, आलं, मुळा, तांदळाच्या पिठाची पातळ खळ आणि मिठात मुरवलेला जवळा. कोकणातल्या बायकांना त्याचा वास सांगायला नको. शाकाहारी मंडळींनी दचकू नये, तिथल्या बौद्ध मठांत जवळाच काय, लसूणसुद्धा घालत नाहीत.

दुपारी जेवताना मधल्या बशीतली निम्मी किमची मी आपल्याकडे ओढली. हाल्मोनींनी कपाटातली कैरीच्या लोणच्याची बरणी काढली, मीच दिलेली, आणि म्हणाल्या, "हे तू वाटीने खातेस का?"

चिठ्ठी आली वाटतं. पाच मिनिटं? अहो, मुद्दा तर आत्ता सुरू होतोय!

बरं, भराभर सांगते. शंभर ग्रॅम किमचीत दीड ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. २०१०च्या सुमारास कोरियात माणशी सरासरी बारा ग्रॅम मीठ पोटात जायचं. सरकारने मोहीम काढली, लोकांनी हात आवरला, तेव्हा कुठे ते बरंच खाली आलं. म्हणून किमची चार-पाच तुकडे. द्वेनजांगचं, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या खारट पेस्टचं, सूप केलंत तर ती पेस्ट बेताने घाला, वरून मीठ नको आणि तळाचा रस पिऊन वाटी चाटायची नाही. भातात जव, काळं सोयाबीन मिसळतात, तेही करा.

पण तब्येत सांभाळतात ते नामुल, म्हणजे उकडून किंवा परतून कालवलेल्या साध्या भाज्या. त्यांचं नाव कुणी घेत नाही, कारण ते लाल नसतात. पालकाची जुडी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, मग घट्ट पिळायची. चमचाभर सोया सॉस, ठेचलेली एखादी लसूण पाकळी, भाजलेल्या तिळाचं थोडं तेल. ते नसेल तर तीळ खमंग भाजून, जाडसर कुटून घाला. कोशिंबिरीसारखं हातानेच कालवायचं. मोड आलेल्या सोयाबीनचं, गाजराचं, दुधीचंही असंच, फक्त सोयाबीन अर्ध्या मिनिटात होत नाही, ते नीट शिजवा आणि गाजर, दुधी परतून घ्या. आणि पालक पिळताना कंटाळा करू नका, नाहीतर पचपचीत होतो नि मग मला फोन करता... हो, हो, अध्यक्षबाई, देते माईक.